बोळक्याची सवय

आपल्या घरांत म्हातारपणाच्या दुखण्यांची एक ठरलेली उतरंड आहे. छातीत कळ आली की मध्यरात्री रिक्षा काढली जाते. मोतीबिंदू झाला की पोरे शिबिराची तारीख शोधून आणतात. गुडघे धरले की आधी तेल, मग पट्टा आणि ऐपत असेल तर ऑपरेशन. या उतरंडीत दातांना जागा नाही. एक दात हलतो, दुखतो, काढला जातो. वर्षा-दोन वर्षांनी दुसरा. पंधरा वर्षांत तोंडाचे बोळके होते. घरचे म्हणतात, वय झाले. ज्याचे बोळके झाले तो म्हणतो, अल्लाह की मर्जी. विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटू नये, असे मला वाटते. पडलेले दात परत बसवून घेणे ही पैसेवाल्यांची हौस आहे, असा आपल्या मोहल्ल्यांत पक्का समज आहे. दंतवैद्यांच्या पाट्यांवर 'इम्प्लांट' हा शब्द झळकू लागल्यापासून तो आणखी पक्का झाला. एका दाताला पंचवीस-तीस हजार, असे कोणीतरी ऐकून येतो, लगेच बत्तीस दातांचा गुणाकार होतो आणि सगळे हसून मोकळे होतात. त्या गुणाकारात कवळीसारखा साधा, जुना, कितीतरी स्वस्त इलाजही वाहून जातो. महाग इलाज परवडत नाही म्हणून स्वस्त इलाजही करायचा नाही, असा आपला व्यवहार आहे. त्याची किंमत घरातली सगळ्यात गप्प बसणारी माणसे मोजतात.

आमच्या गल्लीतल्या एका खालांचे उदाहरण देतो. वय साठीच्या पुढे, मधुमेह आहे, खालचे चार दात सोडले तर तोंड रिकामे. शादीच्या दस्तरखानवर बसल्या की भात दालच्यात कालवून खातात आणि बोट्या नातवाच्या ताटात सरकवतात. घरी चहात बुडवलेला पाव, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. काकडी, गाजर, पेरू, शेंगदाणे यांची नावे त्यांनी केव्हाच सोडली. मधुमेहाचे डॉक्टर दर वेळी सांगतात, भात-पाव कमी करा, कोशिंबीर आणि कडधान्ये वाढवा. आणि चावता येते ते फक्त भात आणि पाव. मी एकदा म्हणालो, "खाला, कवळी तरी बसवून घ्या." त्या हसल्या. म्हणाल्या, "अब कितने दिन रहना है बाबा, दातां लेके क्या करूं?" या गोष्टीला आता आठ वर्षे झाली. अल्लाहच्या कृपेने खाला आहेत, आणि ही आठही वर्षे त्यांनी भात कालवून काढली.

अशा खाला आणि असे चाचा प्रत्येक गल्लीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्य अहवालात असा अंदाज आहे की, जगात साठीपुढच्या साधारण २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नसतो. साठी गाठलेला माणूस आज आणखी पंधरा-वीस वर्षे सहज काढतो. एवढा काळ 'आता किती दिवस राहायचे' या एका वाक्यावर रेटायचा, हे मला पटत नाही.

दात फक्त चावण्यासाठी नसतात. समोरचे दात गेले की उच्चार जातो. ज्यांनी लहानपणी मक्तबमध्ये कायदा गिरवला आहे त्यांना मखारिज आठवत असतील. से, जाल आणि जोय ही अक्षरे जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांना लावून निघतात. फे काढायला वरच्या दातांची कड खालच्या ओठावर यावी लागते. दातच नसतील तर ही अक्षरे कशी निघणार? माझ्या माहितीतले एक बुजुर्ग वर्षानुवर्षे मोहल्ल्यातल्या मुलांना नाजिरा शिकवत. पुढचे दात गेल्यावर त्यांनी शिकवणे हळूहळू बंद केले. कोणी विचारले तर तब्येतीचे कारण सांगत. खरे कारण मुलांचे हसणे होते. इल्म डोक्यात शाबूत होते, आवाज चांगला होता, फक्त दात नव्हते.

आता काही जण विचारतील, कृत्रिम दात शरीअतमध्ये चालतो का? अल्लाहने दिलेल्या शरीरात ढवळाढवळ तर होत नाही? हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याचे उत्तरही जुने आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत अरफजा इब्न असअद यांचा प्रसंग येतो. इस्लामपूर्व काळातल्या कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यायला सांगितले. पुरुषाला सोने एरवी मना आहे, आणि तरीही गरजेसाठी सोन्याची परवानगी मिळाली. याच प्रसंगाच्या आधारे फिक्हच्या जाणकारांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची चर्चा केली. इमाम अबू हनीफा यांचा कल चांदीकडे होता, त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी सोन्यालाही मुभा दिली. मतभेद धातूबद्दल होता. गेलेल्या अवयवाची सोय करून घ्यावी की नाही, याबद्दल नव्हता.

पुढे दहाव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबाजवळ अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या, शस्त्रक्रियेवरच्या भागात दातांवरची कीट खरवडण्याची हत्यारे आहेत, हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधण्याची रीत आहे, आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडातून कोरलेला दात बसवण्याचाही उल्लेख आहे. चांदीपेक्षा सोन्याची तार का बरी, याचे कारणही त्यांनी दिले आहे: चांदी काही दिवसांत बिघडते, सोने बिघडत नाही. आपण व्याख्यानांत जहरावींचे नाव अभिमानाने घेतो. हजार वर्षांपूर्वी त्यांनी ज्याला इलाज मानले त्याला आपण आज हौस म्हणतो, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

आता इम्प्लांटकडे येऊ, कारण त्याबद्दल आपल्याकडे भीती आणि जाहिरात दोन्ही भरपूर आहेत, माहिती थोडी. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधले पेर-इंग्वार ब्रोनमार्क हे संशोधक हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशाच्या पायात टायटॅनियमची छोटी डबी बसवून प्रयोग करत होते. काम संपल्यावर डबी निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. हाड टायटॅनियमला परके मानत नाही, हे त्यातून कळले. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात दिले. लार्सन यांचा जबडा जन्मतः सदोष होता, खाणे-बोलणे त्रासाचे होते. ते २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षे ते स्क्रू काम करत राहिले. दंतवैद्यक जगाने मात्र ही पद्धत लगेच उचलली नाही. १९८२ मध्ये टोरांटोच्या परिषदेत पुरावे मांडले गेल्यानंतर ती सर्वत्र पसरली. ही पद्धत सुरू झाली ती खाता-बोलता न येणाऱ्या माणसासाठी. चमकदार हास्याच्या जाहिराती पुष्कळ नंतर आल्या.

पद्धत थोडक्यात अशी. जबड्याच्या हाडात, जिथे दाताचे मूळ होते तिथे, टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. जागा बधिर करून हे काम होते. मग साधारण तीन ते सहा महिने थांबायचे, म्हणजे हाड त्याला धरते. त्यानंतर त्यावर जोड आणि वर कॅप. फायदा असा की शेजारचे चांगले दात घासावे लागत नाहीत, चावण्याची ताकद चांगली येते आणि त्या जागेचे हाड झिजणे कमी होते. दात काढल्यावर तिथले हाड खंगत जाते, शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात खाली उतरतो. म्हणून 'एकच दाढ तर गेली' म्हणून दहा वर्षे थांबणाऱ्याला पुढे हाड भरण्याचा खर्च वेगळा पडतो.

पण इम्प्लांट सगळ्यांसाठी नाही, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि धोका वाढतो. बिडी-सिगारेट चालू असेल तर इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्याला शेक दिला असेल, किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर फार सांभाळून निर्णय घ्यावा लागतो. आणि बसवल्यावर साफसफाई ठेवली नाही तर इम्प्लांटभोवतीच्या हिरडीलाही रोग होतो, हाड झिजते आणि स्क्रू सैल होतो. धातूला कीड लागत नाही हे खरे, पण तो ज्या हाडात उभा आहे ते हाड आपलेच असते.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर काही प्रश्न विचारायला लाजू नये. माझ्या हाडाची स्थिती काय आहे? फोटो काढला का? माझी तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली का? स्क्रू कोणत्या कंपनीचा, त्याची नोंद असलेले कार्ड मिळेल का? एकूण खर्च किती, त्यात कॅप धरली आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: इम्प्लांट न करता दुसरा कोणता उपाय आहे? आमच्या एका नातेवाइकांना एका दवाखान्यात पहिल्याच भेटीत सहा इम्प्लांटचा कागद हातात दिला गेला. कवळीचे नावही निघाले नाही. ते घाबरून घरी आले आणि पुढची तीन वर्षे कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाहीत. असा कागद हातात पडला तर घाबरून घरी बसण्यापेक्षा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावा.

कारण दुसरे उपाय आहेत. एक-दोन दात गेले असतील आणि शेजारचे मजबूत असतील तर ब्रिज बसतो. पाच-सहा गेले असतील तर काढता-घालता येणारी अर्धी कवळी. सगळेच गेले असतील तर पूर्ण कवळी. वरची कवळी टाळूला धरून राहते, तिचा फार त्रास नसतो. खालची जिभेच्या हालचालीने उडते, आणि 'कवळी बसवली पण डब्यात पडून आहे' ही तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीची असते. तिच्यासाठी मधला रस्ता आहे: खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट बसवायचे आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकवायची. दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी साध्या कवळीऐवजी हाच पहिला पर्याय मानावा, असे २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले होते. बत्तीसचा गुणाकार करणाऱ्यांनी हा दोनाचा हिशेबही ऐकून ठेवावा.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे. बाजारात, पुलाखाली पेटी मांडून तासाभरात दात बसवून देणारे असतात. हिरडीवर तिथेच घट्ट होणारा प्लास्टिकचा मसाला लावून, शेजारच्या दातांना तार बांधून ते पक्का दात देतात. खाली अन्न सडते, हिरडी सुजते, आणि वर्षभरात ज्या दातांना तार बांधली तेही हलू लागतात. गरीब माणूस तिथे जातो कारण तो त्याला परवडतो आणि त्याच्याशी नीट बोलतो. हा दोष त्या गरिबाच्या माथी मारून चालणार नाही.

आता आपल्या रोजच्या मसाइलबद्दल. हनफी मतात गुस्लमध्ये तोंडात पाणी फिरवणे फर्ज आहे. त्यामुळे काढता येणारी कवळी गुस्लच्या वेळी काढून गुळणी करावी. हाडात पक्का बसलेला दात शरीराचाच भाग धरला जातो, त्यावरून पाणी गेले की पुरते. वुजूमध्ये गुळणी सुन्नत आहे, तिथे अडचणच नाही. कोकणातले आपले बांधव शाफई आहेत, त्यांच्याकडे गुस्लमध्येही गुळणी सुन्नत आहे. शंका राहिलीच तर आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे, पण 'नमाज होणार नाही' या ऐकीव भीतीने आई-वडिलांना बिनदाताचे ठेवू नये. रमजानमध्ये शस्त्रक्रियेची घाई करू नये, कारण नंतर काही दिवस वेळेवर औषधे आणि मऊ अन्न लागते. ईदनंतरची तारीख घ्यावी.

एक प्रश्न मात्र जरूर विचारावा, कारण तो बरेच जण विचारत नाहीत. हाड कमी असेल तर डॉक्टर हाडाची भुकटी भरतात आणि वर पातळ पडदा लावतात. ही भुकटी गायीच्या हाडापासूनची असू शकते, पडदा डुकरापासून मिळवलेल्या पदार्थाचा असू शकतो. प्रयोगशाळेत तयार केलेले पर्यायही मिळतात, आणि रुग्णाचे स्वतःचे हाडही वापरता येते. हा प्रश्न फक्त आपला नाही. गायीच्या हाडाबद्दल हिंदू शेजाऱ्याला, कोणत्याही प्राण्याच्या हाडाबद्दल जैन मित्राला तो तितकाच लागू आहे. आधी विचारले तर डॉक्टर रागावत नाहीत, पर्याय सांगतात. काम झाल्यावर कळले तर मनाला आयुष्यभराची टोचणी लागते.

यापुढचा प्रश्न पैशाचा. आमच्या जिल्ह्याच्या गावी मी चौकशी केली तेव्हा एका इम्प्लांटला कॅपसह २५ ते ४० हजार आणि पूर्ण कवळीला ८ ते २० हजार, असे आकडे ऐकले. हातगाडीवाल्याला, यंत्रमागावरच्या कामगाराला दुसरा आकडाही जड आहे. आरोग्यविम्यात दात बसवण्याचा खर्च सहसा धरत नाहीत, अपघाताची गोष्ट वेगळी. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवरही घातली. दातांच्या इम्प्लांटवर अशी मर्यादा नाही. स्टेंटवर ती घालता आली, तर जबड्यातल्या स्क्रूची किंमत तरी तपासून पाहायला हरकत काय? ही मागणी करायला कोणी रस्त्यावर येत नाही, कारण दात नसलेल्याला स्वतःलाच ती मोठी बाब वाटत नाही.

आपल्या शेजारच्या राज्याने वाट दाखवली आहे. कर्नाटकने २०१४ मध्ये 'दंत भाग्य' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळी, असे तिचे स्वरूप. केरळमध्ये सामाजिक न्याय विभागाची 'मंदहासम' योजना आहे, साठीपुढच्या गरिबांना दात देणारी. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतही काठी, चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांच्यासोबत कृत्रिम दातांचे नाव आहे. मी पाहिलेल्या शिबिरांत मात्र काठ्या आणि व्हीलचेअरचेच ढीग होते. काठी ट्रकमधून आणून वाटता येते. कवळीला प्रत्येकाचे माप घ्यावे लागते, चार-पाच वेळा बोलवावे लागते, म्हणून ती मागे पडत असावी, असे मला वाटते. महाराष्ट्रातही घराघरातल्या वृद्धांना दात देणारी स्वतंत्र योजना का असू नये, हे आपण आमदाराला आणि जिल्हा परिषद सदस्याला विचारायला हवे. फक्त मुसलमानांसाठी मागू नये. भात कालवून खाणारी आजी प्रत्येक वस्तीत आहे.

ती योजना येईल तेव्हा येईल. आजही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. पुण्यात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या होतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी असतो. आपल्या वस्तीतल्या वृद्धांना या फेऱ्या एकट्याने झेपत नाहीत. कॉलेजात जाणाऱ्या पोराने महिन्यातले चार दिवस दिले तर एका माणसाची कवळी होते.

आता थोडे आपल्या संस्थांबद्दल. आपल्याकडे रुग्णवाहिका आहेत, डायलिसिसला मदत करणारे ट्रस्ट आहेत, मोतीबिंदूची शिबिरे होतात. हे सगळे चांगले आहे. दातांची शिबिरेही होतात, पण त्यांत तपासणी होते, टूथपेस्टची एक नळी मिळते आणि 'दात काढून घ्या' असा सल्ला मिळतो. काढल्यानंतर बसवायचे कोणी, हे त्या कागदावर नसते. एखाद्या ट्रस्टने वर्षाला फक्त पन्नास कवळ्यांचे उद्दिष्ट ठेवले, तर दहा वर्षांत मध्यम गावातल्या बऱ्याच वृद्धांचे जेवण बदलेल. जकातीच्या पैशाबाबत हनफी मतात रक्कम किंवा वस्तू गरजूच्या मालकीची व्हावी लागते. कवळी तर गरजूच्याच तोंडात जाते, तेव्हा हा मुद्दा अवघड पडू नये. आलिमांचा सल्ला घेऊन ट्रस्टींनी हे ठरवावे.

हा विचार आपल्याला परका नाही. भारतातले पहिले दंत महाविद्यालय १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केले. ते पूर्व बंगालमधले, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात शिकून आलेले. सरकारी मदत नव्हती, तेव्हा त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान काढले आणि त्यातल्या मिळकतीवर महाविद्यालय उभे केले. सोडा आणि आइस्क्रीम विकून लोकांच्या दातांची सोय! १९४९ मध्ये त्यांनी ते महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या हवाली केले. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशभरातले दंतवैद्य पाळतात. आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र मी अजून पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, पोरांना नोकऱ्या नाहीत, मुलींची शिक्षणे अडली आहेत, आणि तुम्ही दातांचे काय घेऊन बसलात? दात कोरून पोट भरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दाताशिवायही पोट नीट भरत नाही. शिवाय खर्चाची यादी आपणच लिहितो. लग्नात दोनशे माणसांच्या जागी चारशेंचा खाना होतो. दुबईहून आलेला मुलगा अम्मीसाठी सोन्याच्या बांगड्या आणतो, त्या कपाटात राहतात. त्या बांगडीच्या तुकड्यात दोन इम्प्लांट आणि एक कवळी होते, आणि ती अम्मीला दिवसातून तीन वेळा उपयोगी पडते. अम्मी स्वतः मागणार नाही. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईला आपल्याला चावता येत नाही हे सांगायचीही सवय नसते.

आणि जे दात अजून तोंडात आहेत त्यांचे काय? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे जवळपास चौघांत एक. यात बायका सुमारे १७ टक्के, आणि त्यांतल्या कितीतरी जणी मिश्रीवाल्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होतात हा समज आहे. प्रत्यक्षात ती हिरडी खाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. गुटखा-सुपारीने तोंड आखडले, दोन बोटेही आत जाईनाशी झाली, की कवळीचे माप घेणेही कठीण होते. मिस्वाकची सुन्नत आपण मिंबरवरून ऐकतो. प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाक फर्ज केली असती, पण उम्मतला जड जाईल म्हणून केली नाही, या अर्थाची हदीस सगळ्यांना पाठ आहे. तोंडाच्या स्वच्छतेला इतके महत्त्व देणारा समाज मशिदीच्या वुजूखान्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतो, याबद्दल एखाद्या जुम्म्याला खुतब्याआधीच्या बयानात बोलायला काय हरकत आहे?

जपानने १९८९ मध्ये साधे उद्दिष्ट ठेवले: वयाच्या ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे वीस दात. आपण ऐंशीचे सोडू, साठीचे धरू. दुखरा दात लगेच उपटायला न जाता, तो रूट कॅनाल करून वाचतो का, हे आधी विचारावे. स्वतःचा दात वाचवणे कोणत्याही इम्प्लांटपेक्षा स्वस्त पडते. वाचलाच नाही तर काढण्याच्या दिवशीच, त्या जागी पुढे काय बसवायचे, हेही विचारून घ्यावे.

वाचकांना एक काम सांगतो. या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत एकदा जेवायला बसा आणि त्यांच्या ताटाकडे नीट पाहा. काय बाजूला सरकवले जाते, काय कालवून खाल्ले जाते, कोणती बाजू चावायला वापरली जाते. मग विचारा, शेवटचा पेरू कधी खाल्ला होता? उत्तर आठवावे लागले, तर दंतवैद्याकडे वेळ घ्या, आणि सोबत तुम्ही स्वतः जा. त्या म्हणतील, आता किती दिवस राहायचे. तो हिशेब अल्लाहकडे आहे. दवाखान्याची वेळ तेवढी आपल्याला घ्यायची आहे.